दाजी आणि पाठमोरी हरणं

आमच्या दाजींचं धाराशिवात कृषी सेवा केंद्र आहे, आणि त्यांना रानातल्या जनावरांचे फोटो काढायचा नाद आहे. या दोन गोष्टी एका माणसात नांदू नयेत. सकाळी दुकानाचं शटर वर जायला आणि एखादा शेतकरी पायरी चढायला एकच गाठ पडते. 'दाजी, रात्री डुकरांनी सोयाबीन पार लोळवलं बघा. कायतरी औषध द्या.' अशा वेळी दुकानदारानं आधी हळहळावं, मग फळीवरचा डबा काढावा. दाजी काउंटरवर पुढं वाकतात आणि विचारतात, 'कुठल्या शिवारात? किती वाजता आली? पिल्लं होती का संगं?' मग समोरच्याचा चेहरा बघून घाईघाईनं जोडतात, 'लई वाईट झालं बघा.'

दाजी खरं म्हणजे माझे. आक्काचे मालक. पण आम्ही मेव्हणेमंडळींनी भर बाजारात हाका मारून मारून त्यांना अख्ख्या आडत लाइनीचे दाजी करून टाकलं. वय पन्नाशीपलीकडं, साखर काठावर, लेक पुण्यात नोकरीला, आणि डॉक्टरांनी 'रोज चालत जा' म्हणून बजावलेलं. या वयात चालायला सांगितलेली माणसं बहुधा भजनी मंडळाकडं वळतात, नाहीतर राजकारणाकडं. दाजी हरणांकडं वळले.

त्याचं निमित्त झालं बियाणांच्या एका कंपनीचं. टार्गेट पुरं करणाऱ्या डीलरला बँकॉकची सहल, नाहीतर तेवढ्याच रकमेची वस्तू, अशी योजना होती. बाकीचे डीलर बँकॉकला जाऊन आले आणि घरी त्याविषयी फारसं बोलले नाहीत. दाजींनी कॅमेरा आणि 70-300 ची लेन्स मागितली. नवरा बँकॉकला गेला नाही म्हणून आक्कानं तेव्हा तुळजापूरला जाऊन ओटी भरली. आता ती म्हणते, 'आवं, बँकॉक चार दिवसांत उरकलं असतं की!'

पहिल्या हंगामात दाजींची पद्धत साधी होती. माळावर कळप दिसला की गाडी स्टँडवर लावायची, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि सरळ कळपाच्या रोखानं चालू लागायचं. काळवीट ताशी 80 किलोमीटरपर्यंत पळू शकतं आणि दाजींना जिना चढताना धाप लागते, त्यामुळं निकाल ठरलेला असे. वर्षाअखेरीस त्यांनी फोटो धुऊन आणले, अल्बम केला आणि दिवाळीला सगळ्या पाहुण्यांसमोर ठेवला. 'हे काळवीट. हे बी काळवीट. ही मादी. हा लांडगा.' 'कुठंय?' 'त्या बोरीच्या मागं गेला. पण हाय.' आक्कानं चष्मा लावून अल्बम शेवटच्या पानापर्यंत बघितला, मिटला आणि म्हणाली, 'सगळी हरणं छान हायती. पर तुमच्याकडं तोंड करून एक बी न्हाई.'

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की पांढरा सदरा रानात चालत नाही, हिरवा नाहीतर मातकट रंग पाहिजे. दाजींकडं हिरव्या टी-शर्टांना तोटा नाही. कंपन्या दरवर्षी देतात. फक्त प्रत्येकाच्या पाठीवर पिवळ्याजर्द अक्षरांत 'एकरी विक्रमी उतारा' असं लिहिलेलं असतं. समोरून दाजी झुडपात मिसळून जायचे, पण वळले की कळपाला जाहिरात दिसायची. शेवटी आक्कानं तो टी-शर्ट उलटा करून घालायला लावला. तेव्हापासून दाजी रानात शिवण बाहेर आणि लेबल गळ्याशी, अशा अवतारात फिरतात. ओळखीचं माणूस भेटलं तर आधी तेच खुलासा करतात.

दाजींना खरं शिकवलं ते माळावर मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरानं. तो बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून दाजींचा पाठलाग बघत होता. कळप गेला, दाजी धापा टाकत परतले, तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, 'का ओ सावकार, हरणांकडं उधारी हाय का तुमची?'

वर्मावर बोट पडलं. दाजींची चाल वसुलीचीच होती. म्हाताऱ्यानं मग तंबाखू मळता मळता सगळं सांगून टाकलं. सरळ जायचं नाही, तिरकं जायचं. त्यांच्याकडं बघत जायचं नाही. चार पावलं टाकली की थांबायचं, आपलंच कायतरी शोधतोय असं दाखवायचं. वारं आपल्या तोंडावर येऊ द्यायचं, पाठीवरून जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आपला वास आपल्या आधी पोचतो. उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं. 'अन् त्येचा घास थांबला, की तुमी बी थांबा.'

हे शेवटचं वाक्य दाजींनी उचललं ते कायमचं. आता कुणी कसलाही फोटो दाखवला की दाजी वाघाचे पट्टे बघत नाहीत, शिंगं बघत नाहीत. विचारतात, 'घास थांबला होता का?' त्यामागचं त्यांचं शास्त्र पक्कं आहे. चरणारं जनावर मान वर करून तुमच्याकडं बघायला लागलं आणि त्याचा जबडा हलायचा थांबला, ही पहिली सूचना. खूर आपटला, नाकातून फुसकारा टाकला, ही दुसरी. तिसरी सूचना नसते. हरीण असेल तर पळून जातं आणि त्याची सकाळची चराई बुडते. पिल्लं असलेली डुकरीण असेल तर पळायची पाळी आपल्यावर येते. म्हणून पहिल्या सूचनेलाच दोन पावलं मागं यायचं, कॅमेरा खाली करायचा, दुसरीकडं बघायचं. जनावर पुन्हा चरायला लागलं की मग बटण दाबायचं. 'पाव्हणं,' मला सांगतात, 'आपुन गेल्यावर ते आपल्या आधी करत हुतं तेच करत राहिलं पाहिजे. मग तो फोटो.'

आक्काचा यावर एकच आक्षेप आहे. लग्नाच्या पंगतीत दाजी कॅमेरा घेऊन फिरतात तेव्हा माणसांचे घास तोंडापाशी थांबतात, त्याचं काय?

गावातली कॉलेजची पोरं हल्ली दाजींकडं शिकायला येतात. नवा कॅमेरा गळ्यात, डोळ्यांत बिबट्या. 'दाजी, सुरुवात कशापासून करू?' दाजी म्हणतात, 'कोंबडीपासून.' पोरांना वाटतं, थट्टा करतायत. पण दाजींनी स्वतः परसातल्या कोंबडीमागं एक पावसाळा काढलाय. जमिनीवर पालथं पडून, कोंबडीच्या डोळ्याच्या उंचीला कॅमेरा आणून, डोळ्यावर फोकस. मग शेळी, मग तारेवरचा कोतवाल, मग माळावरची टिटवी. दाजींचा फैसला असा की ज्याला दारच्या कोंबडीचा डोळा धारदार काढता येत नाही, त्यानं लांडग्याच्या वाटेला जाऊ नये. पोरं निम्मी इथंच गळतात. उरतात त्यांना दाजी कॅमेऱ्याची खतमात्रा समजावून देतात. 'आयएसओ म्हंजी युरिया. उजेड कमी पडला की मानसाला वाटतं ओतावं पोतं. रान हिरवंगार दिसतं, पर नंतर फोटोत दानं दानं उठत्यात. म्हणून बेतानं. शटर चरत्या जनावराला 1/500 बास, पळत्याला 1/2000. अन् ॲपर्चर म्हंजी पाण्याचं दार. केवढं उघडायचं ते तुमीच ठरवा.' फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही, पण आमच्याकडच्या पोरांना तो एका बैठकीत कळतो.

दाजींची पहाट हा सगळ्या घराचा उत्सव असतो. चारचा गजर दाजी सोडून सगळ्यांना ऐकू येतो. मग आक्का त्यांना उठवते. ते उठतात आणि 'उजेड गेला, उजेड गेला' असा ओरडा सुरू करतात. उजेड तेव्हा यायचाच असतो. बॅटरी चार्जरमध्ये सापडते, कार्ड कॉम्प्युटरमध्ये राहिलेलं असतं, आणि गमबूट दुकानात. गमबुटाशिवाय दाजी गवतात पाय ठेवत नाहीत. आमच्याकडं माळावर घोणस आहे, फुरसं आहे, आणि दोघांनाही आपली जागा सोडून पळायची सवय नाही. बसायच्या आधी काठीनं जागा झोडपायची, दगड उचलून बघायचा नाही, बिळात हात घालायचा नाही, अंधारात टॉर्च पायापाशी मारायची. निघताना दुकानाच्या बिलबुकावर चिठ्ठी लिहितात: कुठं चाललो, संगं कोण, किती वाजता परत. आक्का ती चिठ्ठी उधारीच्या बिलांच्या तारेला टोचून ठेवते. दाजी वेळेत आले की चिठ्ठी फाडते. उशीर झाला तर तारेकडं बघत बसते आणि मला फोन करते.

आणखी एक वस्तू गाडीला बांधलेली असते, ती दाजींची उशी. लेकीच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापलाय, एक तोंड पोत्याच्या सुईनं सुतळी घालून शिवलंय, आत अडीच-तीन किलो ज्वारी भरलीय आणि दुसरं तोंडही तसंच शिवून टाकलंय. ही उशी गाडीच्या सीटवर, बांधावर, दगडावर कुठंही टाकायची, मधोमध मूठ दाबून खळगा करायचा आणि त्यात लेन्स ठेवायची. हात हलला तरी लेन्स हलत नाही. तिपाईपेक्षा स्वस्त, आणि खाली बसून काढता येतं. एका पावसाळ्यात त्या ज्वारीला कीड लागली आणि दाजी ऐन निवांत क्षणी कॅमेऱ्यावरचे किडे झटकताना दिसले. जिल्ह्याला कीटकनाशकं विकणारा माणूस! आक्का अजून पाहुण्यांना ही गोष्ट सांगते.

आमच्या जिल्ह्यात रान आहेच किती? बालाघाटच्या कुशीतलं येडशी-रामलिंगघाट अभयारण्य सुमारे 22 चौरस किलोमीटरचं, 1997 साली जाहीर झालेलं. बाकी सगळे माळ, गायरानं, तलाव आणि शेतं. पण दाजींना तेवढं पुरतं. रामलिंगला ते मला नेतात तेव्हा आधी देवळात. रावणाला जटायूनं इथंच अडवलं असं लोक सांगतात, तेव्हा पक्षी बघणाऱ्या माणसानं आधी तिथं माथा टेकलाच पाहिजे, असं त्यांचं मत. तिथल्या माकडांशी मात्र त्यांचं जमत नाही. एकदा कॅमेऱ्याच्या पिशवीत केळं राहिलं होतं. एका माकडानं चेन उघडली, केळं घेतलं, लेन्सचं झाकणही घेतलं, आणि वर जाऊन दोन्हींची चव बघितली. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या पिशवीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, आणि माकडाला हातानं काही द्यायचं नाही, हा दाजींचा कायदा. सरकारचा त्याहून मोठा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात शिरायला, अगदी फोटोसाठीसुद्धा, परवानगी लागते. दाजी ती घेतात आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवतात. कुणी विचारलं नाही तर थोडे हिरमुसतात.

हिवाळ्यात एखादी फेरी सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला होते. माळढोकासाठी राखलेला तो माळ. काळवीट भरपूर, नशीब असलं तर लांडगा. माळढोक मात्र दाजींना कधी दिसला नाही. जेव्हा तो बऱ्यापैकी होता तेव्हा दाजी युरियाच्या रांगा आवरत होते. 'उशीर केला आपुन,' एवढंच म्हणतात आणि परतीच्या वाटेवर फारसं बोलत नाहीत. घरी आले की काउंटरच्या खणातून मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' काढतात. चितमपल्ली सोलापूरचे, जन्मभर वनखात्यात राहिलेले, 2025 साली गेले. दाजींना ते अगदी शेजारच्या गल्लीतले वाटतात.

दाजींचा खरा कस लागला तो 2024 च्या डिसेंबरात. वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात येडशीच्या अभयारण्यात चक्क वाघ आला. तोही यवतमाळच्या टिपेश्वरहून, चारशेवर किलोमीटर चालत. जिल्ह्याला दुसरा विषय उरला नाही. बार्शी आणि येडशीच्या पट्ट्यात जनावरं मारली जाऊ लागली, लोक अंधार पडायच्या आत घरी यायला लागले. त्याला बेशुद्ध करून पकडायला पथकं आली, आणि वाघानं त्यांना दाद दिली नाही. व्हॉट्सॲपवर तर रोज नवा वाघ. दाजींचं दुकान म्हणजे तपासणी केंद्र झालं. लोक मोबाइल पुढं करायचे, दाजी चष्मा वर करून न्याहाळायचे. 'ह्यो आपला न्हाई. मागं बघा, बरफ हाय. येडशीत बरफ कधी पडला?' 'ह्याला पाच पाय हायती. ह्यो कॉम्प्युटरनं काढलाय.'

आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता दाजी काही ऐकत नाहीत. जन्माचा योग वीस किलोमीटरवर येऊन बसलाय. आक्कानं तर गाडीची किल्ली मिठाच्या बरणीत लपवली. पण दाजी गेले नाहीत. रात्री मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून वाघ बघायला निघालेल्या पोरांना त्यांनी दुकानातून बाहेर येऊन अडवलं. 'आरं, वाघाचा फोटो निघालाय. खात्याच्या डब्यानं काढलाय. त्या डब्याला बायको न्हाई, लेकरं न्हाईत, अन् तो वाघाला दिसत बी न्हाई. त्याच्यापेक्षा चांगला तुमी काय काढनार?' मग त्यांनी पोरांना चहा पाजून एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या गोऱ्या वन अधिकाऱ्याची कथा सांगितली. 1920 च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या जंगलात त्यानं वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पडायचा आणि कॅमेरा आपोआप चालायचा. साहेब तेव्हा तंबूत असायचा. 'वाघाचा फोटो काढायची ही रीत हाय. मानूस तंबूत, कॅमेरा रानात.' पोरं चहा पिऊन घरी गेली. आक्कानं किल्ली बरणीतून काढून दिली. गाडी मात्र आठवडाभर खारट चालते असं दाजी म्हणत होते.

दाजी एरवी खोटं बोलत नाहीत, उधारीच्या बाबतीतसुद्धा नाही. पण एकदा मोठ्या शहरातून मोठी लेन्स घेऊन एक गृहस्थ आले. त्यांना लांडग्याचं बीळ पाहिजे होतं, पिल्लांसकट. पैसे देईन म्हणाले. दाजींना ती जागा ठाऊक होती. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की लांडगे गेली बरीच वर्षं इकडं दिसलेच नाहीत. आमच्याकडं खोटं बोलायचं तर आई तुळजाभवानीची शपथ तेवढी टाळायची असते, ती त्यांनी टाळली. गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, 'पिल्लं असताना मादीला त्रास झाला की ती जागा बदलती. तोंडात धरून एक-एक न्यावं लागतं तिला. कशाला?'

आता दाजींचा सगळ्यात गाजलेला फोटो कोणता, असं तुम्ही विचाराल. काळवीट नाही, लांडगा नाही. तो फोटो आहे लोळलेल्या सोयाबीनचा. सकाळी सकाळी रडकुंडीला आलेल्या त्या शेतकऱ्याबरोबर दाजी औषध न देता कॅमेरा घेऊन गेले. उपटलेली ताटं, चिखलातले खूर, बांधापासून बांधापर्यंत झालेलं नुकसान, सगळं ओळीनं काढलं. रानडुक्कर, हरीण यांनी पिकाचं नुकसान केलं तर शासन भरपाई देतं, पण वेळेत अर्ज करावा लागतो आणि पंचनामा व्हावा लागतो. दाजींनी दुकानातच अर्ज लिहून दिला आणि फोटो जोडले. पैसे मिळाल्यावर तो शेतकरी पेढे घेऊन आला. आता नुकसान झालं की लोक औषध मागत नाहीत, दाजींना बोलावतात. ज्या फोटोत जनावर नाही त्याच फोटोला गिऱ्हाईक आहे, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं. पण एक झालं. शिवारातले लोक आता स्वतःहून सांगायला येतात, 'दाजी, तळ्यावर तरस आलंय, बघायचं का?' पूर्वी ते काठ्या घेऊन जात.

आक्का अजून म्हणते की या नादापायी दुकानाकडं दुर्लक्ष होतं. खरं आहे. पण दाजींची साखर आता काठाच्या अलीकडं आली, आणि यंदाच्या अल्बमात निम्म्याहून जास्त हरणं कॅमेऱ्याकडं तोंड करून, निवांत चरताना आहेत. आक्कानंच ती मोजली.

तुमच्याही घरात असे दाजी असतील, किंवा नसले तर येत्या दिवाळीत कॅमेरा घेऊन तयार होतील. त्यांना अडवू नका. गमबूट घेऊन द्या, चिठ्ठी लिहून घ्या, आणि एक पावसाळा कोंबडीवर काढायला लावा. वाघ, बिबट्या दिसला तर मात्र कॅमेरा पिशवीत आणि मोबाइल हातात: वनविभागाचा मदत क्रमांक 1926. त्याला पैसे पडत नाहीत.